सार्वजनिक हनुक्का

सार्वजनिक हनुक्का : ज्यूंच्या हनुक्का सणातले दिवे खिडकीत, दारात किंवा भर चौकात येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे लावण्याची प्रथा. आजूबाजूला नाताळची रोषणाई असताना आपले वेगळेपण उघडपणे मिरवण्याचे साधन म्हणून ती विशेषतः अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली.

हनुक्का ज्यू पंचांगातल्या किस्लेव महिन्याच्या २५ तारखेपासून आठ दिवस चालतो. ज्यू पंचांग चांद्रमासांचे असल्याने सण कधी नोव्हेंबरअखेरीस येतो, तर कधी थेट नाताळावर. २०२४ साली पहिला दिवा २५ डिसेंबरच्या संध्याकाळीच लागला. सेल्युसिड या ग्रीक घराण्याचा राजा चौथा अँटायोकस याने जेरुसलेमचे मंदिर भ्रष्ट केले होते. मक्काबी या ज्यू बंडखोरांनी ते इ. स. पू. १६४ मध्ये परत मिळवून शुद्ध केले, त्याची ही आठवण. एका दिवसाचे तेल आठ दिवस पुरल्याची कथा बरीच नंतरची, तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथातली आहे. बंड परक्या राजाइतकेच ग्रीक चालीरीती उचलणाऱ्या स्वकीयांविरुद्धही होते. मुलांना गोष्ट सांगताना हा भाग सहसा गाळला जातो.

हनुक्कियावर, म्हणजे या सणाच्या दीपदानावर, आठ दिवे आणि शमाश नावाचा नववा दिवा असतो. शमाशने बाकीचे पेटवायचे. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, असे वाढवत नेतात. मेणबत्त्या उजवीकडून डावीकडे मांडल्या, तरी पेटवताना सुरुवात सर्वांत नव्या मेणबत्तीपासून होते. या उजेडात वाचन किंवा शिवणटिपण करायचे नाही; तो फक्त पाहण्यासाठी. चमत्काराचा बोलबाला व्हावा म्हणून दिवा दाराबाहेर ठेवावा, माडीवर राहणाऱ्याने रस्त्याकडच्या खिडकीत ठेवावा, असे तालमूद सांगते. लगेच पुढे एक सवलतही देते : काळ धोक्याचा असेल तर घरातल्या टेबलावर ठेवला तरी चालेल. युरोपातल्या ज्यूंना ही सवलत पिढ्यान्‌पिढ्या वापरावी लागली.

ती न वापरल्याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला जर्मनीतल्या कील शहरातला आहे. १९३१ च्या हनुक्कात तिथले रब्बी (ज्यू धर्मगुरू) अकिवा पोस्नर यांच्या पत्नी राखेल यांनी खिडकीतल्या हनुक्कियाचे छायाचित्र काढले. मागे, रस्त्यापलीकडच्या इमारतीवर नाझी झेंडा लटकताना दिसतो. कुटुंब पुढे जर्मनी सोडून पॅलेस्टाईनला गेले. तीच हनुक्किया २०२२ मध्ये बर्लिनला नेऊन जर्मन राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी पेटवण्यात आली.

धर्मशास्त्राच्या दृष्टीने हनुक्का दुय्यम सण. त्यात कामधंदा बंद ठेवावा लागत नाही. त्याला आजचे महत्त्व आले ते बऱ्याच अंशी नाताळमुळे. मध्य युरोपातल्या सुशिक्षित ज्यू घरांत एकोणिसाव्या शतकात नाताळचे झाड सर्रास असे. ज्यू राष्ट्रवादाचे (झायनिझमचे) प्रणेते खुद्द थिओडोर हर्झल १८९५ च्या डिसेंबरात मुलांसाठी झाड सजवत असताना व्हिएन्नाचे मुख्य रब्बी घरी आले, अशी नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे. अमेरिकेत मुलांना नाताळचा हेवा वाटू नये म्हणून हनुक्का सजला आणि भेटवस्तूंचा सण झाला. याला निव्वळ नक्कल म्हणणे मात्र घाईचे ठरेल, कारण दिवा लोकांना दाखवण्याची आज्ञा आधीपासूनच होती.

चौकातला दिवा ही खबाद या सनातनी ज्यूंच्या हसिदी पंथाची देणगी. १९७४ मध्ये फिलाडेल्फियात लिबर्टी बेल या ऐतिहासिक घंटेजवळ एक छोटा मेनोरा (हनुक्कियाचेच दुसरे नाव) पेटवला गेला, पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये २२ फुटी उभा राहिला, आणि १९७९ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट पार्कमध्ये दिवा लावायला आले. कडवा विरोध झाला तो ज्यू संघटनांकडूनच. सरकारी जागेत आज मेनोरा आला तर उद्या येशूजन्माचा देखावाही येईल, आणि अल्पसंख्याकांची खरी ढाल असलेली धर्म व शासन यांची फारकत मोडेल, असे अमेरिकन ज्यूइश काँग्रेसचे म्हणणे होते. पिट्सबर्ग शहरातल्या अशाच देखाव्यांवरच्या खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये तिथल्या स्थानिक न्यायालयाच्या जिन्यावरचा येशूजन्माचा देखावा घटनाबाह्य ठरवला. ४५ फुटी नाताळच्या झाडाशेजारचा १८ फुटी मेनोरा मात्र राहू दिला. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांच्या मते झाड आणि मेनोरा मिळून एकाच, आता ऐहिक झालेल्या हिवाळी सणासुदीचे दर्शन घडवत होते. म्हणजे मेनोरा जिंकला तो त्यातला धर्म वजा करून.

महाराष्ट्रातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या जुन्या परंपरेत हनुक्का नव्हता. कोकणात तेलाच्या घाण्यावर पोट भरणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या शनिवार तेल्यांकडे तो बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर रुळला. मुंबईतला सार्वजनिक दिवा खबादचा : खबादचेच केंद्र असलेल्या नरिमन हाउसवरच्या हल्ल्यानंतर महिन्याभरातच, डिसेंबर २००८ मध्ये, तो गेटवे ऑफ इंडियापाशी लावला गेला.