उंड्याची खरपूस साल आणि शरीराचे वय

गोव्यातील फोंड्यात सकाळी पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेल्या उंड्याची (गोल पावाची) तांबूस, खरपूस साल ज्या क्रियेतून तयार होते, तिचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई मायार यांनी १९१२ साली केले. साखरेचा रेणू प्रथिनाला चिकटतो आणि त्यातून पुढे रंग व गंध देणारी संयुगे बनतात. भट्टीत हे काही मिनिटांत घडते. आपल्या शरीरातही, ३७ अंश तापमानात, याच जातीची क्रिया अत्यंत संथपणे आयुष्यभर चालू असते, आणि रक्तात साखर जितकी जास्त, तितका तिचा वेग वाढतो.

एचबीएवनसी ही रक्ततपासणी नेमके हेच मोजते. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे त्यांच्यातील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था, ६.५ पासून पुढे मधुमेह. पेशी मेली की हा हिशेब पुसला जातो, पण त्वचेतील व रक्तवाहिन्यांतील कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन वर्षानुवर्षे टिकते आणि डोळ्याच्या भिंगातील प्रथिने तर जन्मभर बदलत नाहीत. तिथे चिकटलेली साखर साचत जाते, तंतू एकमेकांना जखडतात, धमन्या ताठर होतात आणि हृदय व मूत्रपिंडांवरचा ताण वाढतो. चयापचय बिघडलेले शरीर जन्मतारखेच्या पुढे धावते, ते मला इथे सर्वांत स्पष्ट दिसते.

अर्थात साखर वाढण्याच्या कितीतरी आधी पोटात व यकृतात साचलेली चरबी इन्सुलिनला निष्प्रभ करू लागते आणि मंद दाह (आतल्या आत धुमसणारी सूज) चालू ठेवते. म्हणूनच वजनकाट्याइतकीच मोजपट्टीही महत्त्वाची आहे: भारतीय पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा ९० सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ८०. शरीराचे वय रक्तावरून अजमावणाऱ्या, २०१८ साली मांडलेल्या एका पद्धतीत नऊ घटक धरले आहेत. त्यांत साखर आणि दाह दर्शवणारे प्रथिन दोन्ही आहेत.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के आढळले, तर गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. हा आकडा वाचून मी अस्वस्थ झालो, तरी हताश झालो नाही, कारण अमेरिकेतील २००२ च्या मोठ्या चाचणीत आहार, वजन आणि व्यायाम यांवर लक्ष दिलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले होते. शीत-कडी जेवून उठल्यावर पंधरा मिनिटे चालले, तरी पायांचे आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर आत ओढून घेतात.