परावर्तन–शोषण अवरक्त वर्णपटविज्ञान

धातूच्या चकचकीत पृष्ठावर बसलेल्या, एका रेणूपासून काही नॅनोमीटरपर्यंत जाडीच्या थराचा अवरक्त वर्णपट परावर्तित किरणांवरून मिळविण्याची पद्धती. धातू अवरक्त किरण आरपार जाऊ देत नाही. म्हणून त्याचाच आरसा करून किरण पृष्ठालगत, लंबाशी सु. ८०°–८५° कोनात, सोडतात.

कोन इतका तिरपा का, हा या पद्धतीचा गाभा आहे. किरणाचे विद्युत् क्षेत्र पृष्ठाला समांतर असेल (एस-ध्रुवण), तर परावर्तनात जवळजवळ १८०° कलांतर येते आणि आपाती व परावर्तित तरंग पृष्ठापाशी एकमेकांना मारतात. पी-ध्रुवणात (क्षेत्र आपाती व परावर्तित किरणांच्या प्रतलात असताना) मात्र क्षेत्राचा पृष्ठाला लंब असलेला घटक जवळजवळ दुप्पट होतो. त्यामुळे ज्या कंपनांत द्विध्रुव परिबल (रेणूतील धन व ऋण विद्युत् भारांच्या विलगतेचे माप) पृष्ठाला लंब दिशेत बदलते, त्यांचेच शोषण-पट्ट दिसतात. पीअर्स व शेपर्ड यांनी १९७६ मध्ये हा नियम प्रतिमा-द्विध्रुवाच्या भाषेत मांडला : आडव्या द्विध्रुवाची धातूतील प्रतिमा उलटी पडून त्याला खोडते, उभ्याची सुलटी पडून बळ देते.

पद्धतीचे श्रेय बहुधा आर. जी. ग्रीनलर यांच्या १९६६ च्या लेखाला दिले जाते. तथापि धातूच्या आरशांवरील एकरेणवीय थरांचे वर्णपट फ्रान्सिस व एलिसन यांनी १९५९ मध्येच प्रसिद्ध केले होते. त्याच वर्षी पिकरिंग व एक्स्ट्रॉम यांनी ऱ्होडियमच्या आरशांवरील कार्बन मोनॉक्साइड अभ्यासला. ग्रीनलर यांनी सर्वांत अनुकूल कोन व ध्रुवण गणिताने ठरविले, एवढेच म्हणणे अधिक रास्त ठरेल.

कार्बन मोनॉक्साइडचा पट्ट वायुरूपात २१४३ प्रतिसेंमी. (एका सेंमी. मधील तरंगांची संख्या; पुढील आकडेही याच एककात) ला असतो. प्लॅटिनम स्फटिकाच्या (१११) या दाट रचनेच्या पृष्ठावर एका अणूच्या माथ्यावर बसलेल्या रेणूचा पट्ट, पृष्ठ भरत जाईल तसा, सु. २०६५ वरून सु. २१०० पर्यंत सरकतो. काहींनी याचे कारण धातूकडून रेणूला मिळणाऱ्या इलेक्ट्रॉनांची वाटणी हे मानले, तर हॅमाकर, फ्रान्सिस व आयशेन्स यांनी (१९६५) शेजारच्या द्विध्रुवांचे युग्मन (एकमेकांशी जोडून कंप पावणे) हे मानले. कार्बन-१२ व कार्बन-१३ (कार्बनचे हलके व जड समस्थानिक) असलेल्या रेणूंची मिश्रणे वापरून दोन्ही परिणाम वेगळे करता येतात. प्लॅटिनमपुरता कौल युग्मनाकडे झुकतो. तांब्यावर मात्र दोन्ही परिणाम परस्परविरुद्ध असल्याने पट्ट जवळजवळ जागचा हलत नाही. म्हणजे पट्ट स्थिर दिसला म्हणून आंतरक्रिया नाही, असे धरू नये.

सोन्यावरील अल्केनथायॉलांच्या (गंधकाच्या टोकाने धातूला चिकटणाऱ्या लांब कार्बन-साखळ्यांच्या रेणूंच्या) थरांत मेथिलीन गटाचा असममित ताण-पट्ट सु. २९१८ ला असला, तर साखळ्या सरळ व दाट रचलेल्या समजतात. तो २९२५ च्या आसपास गेला की विस्कटलेल्या.

ऑक्साइडांच्या थरांत नवखा हमखास फसतो. सिलिकाचा आरपार-वर्णपटात सु. १०८० ला असणारा पट्ट धातूवरील पातळ थरात दिसेनासा होतो आणि सु. १२५० ला दुसराच उभा राहतो. हे नवे संयुग नसून त्याच सिलिकाची, थराला लंब दिशेतील (अनुदैर्घ्य) कंपने असतात; १०८० चा पट्ट थराला समांतर कंपनांचा असतो. तिरप्या किरणांत ती दिसतात हे बेरेमन यांनी १९६३ मध्ये लिथियम फ्ल्युओराइडच्या पातळ थरांवर दाखविले.