स्पिटफायरचं मॉडेल आणि 'ड्रोन' हा शब्द

बेळगावच्या पश्चिमेला, उचगाव-तुरमुरीकडं, भात कापून झालं, रताळी निघाली की रान मोकळं होतं. रविवारी सकाळी, वारा सुटायच्या आत, रेडिओवर चालणारी मॉडेल विमानं उडवणारी हौशी मंडळी गाडीच्या डिकीत त्यांचे पंख आडवे घालून तिकडं निघतात. पश्चिमेलाच का, याचं कारण पूर्वेला आहे. तिकडचा सांबऱ्याचा विमानतळ ब्रिटिश हवाई दलानं १९४२ मध्ये उभारला, ब्रह्मदेशची आघाडी पेटलेली असताना. ज्या काळातल्या लढाऊ विमानांची मॉडेलं आम्ही उडवतो, ही धावपट्टी त्याच काळातली.

मॉडेलांचा जुना काळ मिथेनॉल आणि एरंडेलाचा. चार भाग मिथेनॉल, एक भाग एरंडेल; तो वास शर्टातून दोन धुण्यांत जात नसे. इंजिनाचा एखादा भाग मोडला तर उद्यमबागेतल्या लेथवर करून घ्यायचा. रेडिओ ७२ मेगाहर्ट्झवर चालत, दोघांचा क्रिस्टल, म्हणजे रेडिओची लहर ठरवणारा तुकडा, एकच निघाला तर विमान हातचं जाई. २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आले, ब्रशलेस मोटर आणि लिथियम पॉलिमर बॅटऱ्या आल्या, आणि त्या वासाबरोबर ही भीतीही गेली.

स्पिटफायर, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, मात्र पूर्वीइतकंच अवघड राहिलं. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ११.२३ मीटर, म्हणजे आठव्या हिश्शाचं मॉडेल साधारण १४० सेंटिमीटरचं. नाक आखूड, म्हणून तोल साधायला पुढं शिसं भरावं लागतं. चाकं जवळजवळ, ढेकळात अडकलं की विमान नाकावर. पळायला लागलं की डावीकडं ओढतं; उजवा रडर (शेपटीवरचं सुकाणू) हलक्या हातानं देत राहायचं, एकदम दिला तर पंख टेकतो.

बांधावरून जाणारा माणूस हमखास विचारतो, "ड्रोन सोडालाय काय हो?" सगळी गुंतागुंत या एका शब्दात आहे. १९३५ मध्ये ब्रिटननं टायगर मॉथ या शिकाऊ वैमानिकांच्या विमानाच्या घराण्यातलं एक विमान रेडिओवर चालवून तोफखान्याच्या सरावासाठी लक्ष्य म्हणून वापरलं. त्याचं नाव राणीमाशीवरून, आणि अशा विमानांना नरमाशीचा 'ड्रोन' हा शब्द चिकटला तो त्यातूनच, असं मानलं जातं. हौशी मॉडेलं त्याच दशकात रेडिओवर उडू लागली, पण ती मॉडेलंच राहिली. कॅमेरा नाही, जागेवर थांबणं नाही, उपग्रहाची मदत नाही. डोळा आणि दोन अंगठे.

आपल्याकडं ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी वापराच्या सर्व मानवरहित विमानांवर बंदीची सूचना निघाली. त्यानंतर काही आठवड्यांत, १ नोव्हेंबरला, बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. वरून आलेल्या नावाचं दुखणं या भागाला समजावून सांगावं लागत नाही. डिसेंबर २०१८ पासून परवानगीची वाट खुली झाली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये आजचे नियम आले. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत, त्यापुढं हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत मुभा. सांबरा शहरापासून दहा-अकरा किलोमीटरवर, म्हणून पूर्वेची माळरानं गेली.

याच नियमांत 'मॉडेल' हा शब्द आला, आणि अर्धाच आला. २५ किलोपर्यंतचं, शिक्षण, संशोधन किंवा हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडणारं विमान म्हणजे मॉडेल. त्याला टाइप सर्टिफिकेटची, म्हणजे बनावटीच्या सरकारी मान्यतेची, गरज नाही. पण चालवणाऱ्याला प्रमाणपत्रातून सूट आहे ती बिगर-व्यावसायिक वापरात २ किलोपर्यंतच. म्हणजे अडीच किलोचं स्पिटफायर विमान म्हणून मॉडेल, आणि चालवणारा मात्र ड्रोनवाला. प्रमाणपत्राचं प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी चार पंख्यांच्या यंत्रावर होतं, ज्याला ना रडर, ना धाव. त्या प्रशिक्षणानं स्पिटफायर उतरवता येत नाही. सुरक्षेची काळजी खरी आहे, हवाई दलाच्या तळाशेजारी राहणाऱ्यांना ती सांगायला नको. पण वजनाची रेघ दोन्हीकडं एकच असायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं.

तोवर सगळं लक्ष काट्यावर. यंदा मी बॅटरी पार पुढं सरकवण्यासाठी मोटरमागची प्लायवूडची भिंत कापली, त्यामुळं ९० ग्रॅम शिसं वाचलं. रंग, वैमानिकाचा पुतळा आणि बॅटरी धरून विमान भरलं १ किलो ९६० ग्रॅम.