विद्यापीठाची प्रतिष्ठा आणि पदवीधरांचे वेतन

विद्यापीठाची प्रतिष्ठा आणि पदवीधरांचे वेतन : विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या नावलौकिकामुळे तिथल्या पदवीधराला जास्त पगार मिळतो का, याचा विचार करणारा शिक्षणाच्या अर्थशास्त्रातील विषय. नामांकित संस्थांच्या पदवीधरांचे सरासरी वेतन अधिक असते, याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो कारणाचा: हा फरक तिथल्या शिकवण्याने पडतो, नुसत्या नावाने पडतो, की मुळात हुशार मुलेच तिथे जातात म्हणून दिसतो.

सांगली-सातारा भागात हा प्रश्न विद्यापीठापेक्षा महाविद्यालयाच्या नावाने विचारला जातो, आणि त्याला इतिहास आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीत १९१९ मध्ये विलिंग्डन महाविद्यालय काढले तेव्हा त्याची संलग्नता मुंबई विद्यापीठाशी होती. पुढे १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ आणि १९६२ मध्ये कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर ती त्या क्रमाने बदलत गेली. सांगलीच्या विश्रामबागेत १९४७ मध्ये सुरू झालेल्या आणि आज वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचेही तसेच झाले. पदवीपत्रावरचे विद्यापीठ बदलले, तरी लोकांच्या तोंडी ‘तो वालचंदचा’ हीच ओळख राहिली. एकाच विद्यापीठाची पदवी घेतलेल्या दोन अभियंत्यांच्या पहिल्या पगारात मोठी तफावत असू शकते. म्हणून या भागापुरते तरी प्रतिष्ठेचे माप महाविद्यालय आणि त्यातही शाखा हेच धरणे योग्य ठरते.

या तफावतीची दोन प्रमुख स्पष्टीकरणे आहेत. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६०च्या दशकात विस्ताराने मांडलेल्या मानवी भांडवलाच्या सिद्धांतानुसार शिक्षणाने माणसाची काम करण्याची क्षमता वाढते, आणि चांगल्या संस्थेत ती अधिक वाढते म्हणून वेतनही वाढते. अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये वेगळा विचार मांडला. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची खरी क्षमता आधी कळत नाही, म्हणून तो पदवीला त्या क्षमतेची खूण मानतो. या संकेत-सिद्धांताबद्दल स्पेन्स यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक इतर दोघांबरोबर विभागून मिळाले. हाच विचार इथे लावला तर कंपनी वालचंदमध्ये किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात येते ती काही अंशी प्रवेशपरीक्षेने आधीच केलेली निवड पदरात पाडून घेण्यासाठी.

संस्थेचा परिणाम आणि विद्यार्थ्याची मुळातली हुशारी एकमेकांपासून सोडवणे अवघड असते, कारण प्रवेशपरीक्षेत ९८ पर्सेंटाइल मिळवणारा मुलगा कुठेही शिकला असता तरी बरा कमावता झाला असता. संशोधक स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील अशा विद्यार्थ्यांची तुलना केली, ज्यांना सारख्याच महाविद्यालयांनी प्रवेश देऊ केला होता, पण त्यांतल्या काहींनी कमी निवडक महाविद्यालय पत्करले. पुढच्या कमाईत त्यांच्यात जवळपास फरक उरला नाही; अपवाद होता तो गरीब घरांतून आलेल्यांचा, त्यांना निवडक महाविद्यालयाचा फायदा झालेला दिसला. मार्क होक्स्ट्रा यांनी २००९ मध्ये दुसरी वाट धरली. कट-ऑफच्या, म्हणजे प्रवेशासाठीच्या किमान गुणांच्या, किंचित वर आणि किंचित खाली असलेले विद्यार्थी गुणवत्तेने जवळजवळ सारखेच असतात, हे त्यांचे गृहीतक. अमेरिकेतील एका राज्याच्या अग्रगण्य विद्यापीठात असा निसटता प्रवेश मिळालेल्या गोऱ्या तरुणांची कमाई वयाच्या २८ ते ३३ या काळात सुमारे २० टक्के अधिक आढळली. शीतल सेखरी यांनी भारतातील प्रतिष्ठित सरकारी महाविद्यालयांबाबत हीच पद्धत वापरून २०२० मध्ये काढलेला निष्कर्ष आपल्याकडे अधिक चर्चिला जायला हवा: कट-ऑफ ओलांडणाऱ्यांचे पगार जास्त होते, पण अखेरच्या परीक्षेतील गुणांत फरक नव्हता. म्हणजे तिथे ज्ञानापेक्षा नावाला मोल मिळाले.

नावाचा हा परिणाम प्रत्यक्षात घडतो तो मुख्यतः प्लेसमेंटच्या, म्हणजे कंपन्यांनी महाविद्यालयात येऊन करायच्या नोकरभरतीच्या, दारात. मोठ्या कंपन्या ठरावीक महाविद्यालयांतच येतात. बाकीच्यांना पूल कॅम्पस (अनेक महाविद्यालयांची एकत्रित भरती) किंवा पुण्यात खोली घेऊन स्वतःच केलेली खटपट उरते. माजी विद्यार्थ्यांचे जाळे हे दुसरे कारण. आटपाडी किंवा जतकडच्या शेतकरी घरातील मुलीला पुण्यात ओळखीचे कोणी नसते. तिचा अर्ज योग्य माणसापर्यंत पोचवणारा सीनिअर तिला महाविद्यालयच देते. डेल-क्रूगर यांच्या अपवादाचे एक स्पष्टीकरण इथे सापडते असे वाटते, आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या ‘कमवा आणि शिका’ परंपरेच्या या प्रदेशात तो अपवादच मुख्य गोष्ट मानायला हवा. नोकरीत काही वर्षे गेल्यावर मात्र मुलाखत घेणारा महाविद्यालयापेक्षा आधीच्या कामाबद्दल अधिक विचारतो.

शासकीय सेवेत हा परिणाम वेतनावर होत नाही. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी चालते आणि सातव्या वेतन आयोगाच्या वेतनस्तरात पदवी कुठून घेतली याला स्थान नाही.

प्रतिष्ठा आणि पगार यांचा संबंध प्रवेशाच्या दिवसांत फुगलेला दिसतो तो आकडे मांडण्याच्या पद्धतीमुळे. महाविद्यालयाच्या फाटकावरील फलकावर फोटोंसह छापलेले असते ते ‘सर्वोच्च पॅकेज’, आणि ऑप्शन फॉर्म (महाविद्यालयांचा पसंतीक्रम) भरायला बसलेले आईवडील त्यावरून क्रम लावतात. समजा, ९ जणांना नोकरी लागली. ८ जणांना वार्षिक ४ लाख आणि एकाला ४० लाख. सरासरी ८ लाख निघते, पण ८ लाख कोणालाच मिळालेले नसतात. पगार क्रमाने लावले तर मधला, म्हणजे मध्यक, ४ लाखच राहतो. केंद्र शासनाच्या एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीची (पहिली यादी २०१६) माहिती भरताना संस्थांना मध्यक वेतन द्यावे लागते आणि ती माहिती सर्वांना पाहता येते, ही चांगली सोय आहे. तरी हा मध्यक फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो, म्हणून त्याच तक्त्यातील उत्तीर्ण झालेल्यांची आणि नोकरी लागलेल्यांची संख्या शेजारी ठेवून पाहावी. शिवाय पॅकेज म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि कामगिरीवर अवलंबून असलेला बोनस त्यातच धरलेला असतो, त्यामुळे ४ लाखांच्या पॅकेजला १२ ने भागून आलेला आकडा पहिल्या महिन्याच्या पगारपत्रकात दिसत नाही.