डेटिंग रिॲलिटी शोचा समाजशास्त्रीय अभ्यास

कॅमेऱ्यांसमोर जोडीदार निवडण्याच्या कार्यक्रमांचा समाजशास्त्र, माध्यमविद्या आणि स्त्री-अभ्यास या शाखांतून होणारा अभ्यास. यातले खरे किती आणि आधी ठरवलेले किती, हा प्रेक्षकांचा लाडका प्रश्न. अभ्यासकांना तो फारसा छळत नाही. निवडीचे नियम काय आणि ते ठरवतो कोण, इकडे त्यांचे लक्ष असते.

'द बॅचलर' या कार्यक्रमाची बरीच चिकित्सा झाली आहे. अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर २५ मार्च २००२ रोजी तो सुरू झाला. पहिल्या पर्वात पुरुष एक आणि स्त्रिया २५. जिला ठेवायचे तिला गुलाब, जिला तो मिळाला नाही तिने सामान उचलायचे. चित्रीकरणाच्या काळात फोन काढून घेतलेले असतात आणि मधूनमधून एकेकीला कॅमेऱ्यापुढे बसवून बोलते करतात. माणूस चारचौघांत एक असतो आणि विंगेत दुसरा, हे समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमनने १९५० च्या दशकात मांडले. इथे विंगेतही कॅमेरा आहे. शिवाय वेगवेगळ्या वेळची वाक्ये जोडून एकच उद्गार तयार करण्याची हातचलाखी एडिटिंगमध्ये चालते. त्या धंद्यात तिला 'फ्रँकनबाइट' म्हणतात.

वर्णाचा प्रश्न तर थेट कोर्टात गेला. २०१२ मध्ये दोन कृष्णवर्णीय पुरुषांनी भेदभावाचा दावा लावला. कोणाला पडद्यावर घ्यायचे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सांगून न्यायालयाने तो फेटाळला. 'द बॅचलरेट' या जोडकार्यक्रमात, जिथे निवड स्त्री करते, २०१७ मध्ये रेचल लिंडसे ही पहिली कृष्णवर्णीय नायिका आली. मूळ कार्यक्रमात पहिला कृष्णवर्णीय नायक यायला २०२१ उजाडले.

रडणे, रुसणे, प्रेमात पडणे हे काम धरायचे का, हा अलीकडचा वाद आहे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्डने १९८३ मध्ये मांडलेली भावनिक श्रमाची कल्पना, म्हणजे पगारासाठी भावना दाखवणे किंवा आवरणे हेही कामच, इथे उपयोगी पडते. एकमेकांना न पाहता जोडीदार निवडण्याच्या 'लव्ह इज ब्लाइंड' या कार्यक्रमाचे स्पर्धक कर्मचारीच आहेत, अशी भूमिका डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कामगार संबंध मंडळाच्या विभागीय कार्यालयाने घेतली.

भारतात २००९ मध्ये राखी सावंतचे टीव्हीवरचे स्वयंवर गाजले. त्याच वर्षीच्या 'परफेक्ट ब्राइड'मध्ये मुलांच्या आयाही सून निवडायला बसल्या. प्रेमापेक्षा स्थळ महत्त्वाचे, हा आपला हिशेब तिथे उघड झाला. २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या 'इंडियन मॅचमेकिंग'मध्ये मुंबईच्या सीमा टपारिया बायोडेटा घेऊन घरोघरी जातात. उंची, गोरेपणा यांची चर्चा उघडपणे होते, जात मात्र बहुधा 'समाज', 'घराणे' अशा शब्दांआड राहते, ही या कार्यक्रमावरची मुख्य टीका. ज्याने वधूवर सूचक मंडळाचा फॉर्म भरला आहे त्याला यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच की त्या फॉर्मवर पोटजात आणि 'निमगोरा' हे रकाने सरळ छापलेले असतात.