ख्रिसमस ट्री इंग्लंडात आणली कुणी?

नाताळ जवळ आला की एक गोष्ट हमखास फिरू लागते: राणी व्हिक्टोरियाचा नवरा, प्रिन्स अल्बर्ट, यानेच जर्मनीतून ख्रिसमस ट्री इंग्लंडात आणली. हे खरं नाही.

अल्बर्टचा जन्म 1819 चा. त्याच्या कितीतरी आधी, 1800 च्या नाताळात, तिसऱ्या जॉर्जची जर्मन राणी शार्लट हिने विंडसरला मुलांसाठी झाड सजवलं होतं. दिवाणखान्याच्या मधोमध कुंडीत यू जातीचं सदाहरित झाड. फांद्यांना कागदात बांधलेले बदाम, मनुका, फळं, खेळणी आणि मेणाच्या छोट्या मेणबत्त्या. व्हिक्टोरियानेही लग्नाआधी, 1832 साली, तेरा वर्षांची असताना दिव्यांनी सजलेल्या झाडांबद्दल डायरीत लिहून ठेवलंय.

मग श्रेय अल्बर्टकडे गेलं कसं? एका चित्रामुळे. 1848 च्या नाताळात ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने राजघराण्याचं कोरीव छापाचं चित्र छापलं: टेबलावर झाड, टोकाला देवदूत, भोवती डोळे लावून बसलेली मुलं, शेजारी राणी आणि अल्बर्ट. तोवर दरबारापुरती आणि काही श्रीमंत घरांपुरती असलेली ही रीत त्यानंतर मध्यमवर्गीय घरांत झपाट्याने शिरली. अल्बर्टचा वाटा मोठाच आहे, पण तो रीत लोकप्रिय करण्याचा. 1850 मध्ये एका अमेरिकन मासिकाने हेच चित्र राणीचा मुकुट आणि अल्बर्टच्या मिशा पुसून, साधं अमेरिकन कुटुंब म्हणून छापलं.

शार्लटचं नाव मात्र मागेच राहिलं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.