डावणी की भुरी? पान उलटून बघा

एका वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला आणि पंढरपूर तालुक्यातल्या आमच्या द्राक्षबागेत पानांवर पांढरं दिसायला लागलं. वडील एक पान खिशात घालून दुकानात गेले. दुकानदारानं वरवर बघून भुरी म्हणून हेक्झाकोनॅझोल हे बुरशीनाशक दिलं. दोन फवारण्या झाल्या आणि पोंग्यातून, म्हणजे कोवळ्या फुटीतून, नुकतेच बाहेर पडलेले घड तपकिरी पडून वाळले. ती भुरी नव्हती, डावणी होती. द्राक्षाचे हे दोन वेगळे रोग.

पांढरं दिसलं की बुरशी, असं आपण धरून चालतो. भुरी, म्हणजे एरिसायफी नेकेटर, ही खरी बुरशी. डावणी, म्हणजे प्लाझमोपारा व्हिटिकोला, मात्र जलबुरशी. तिच्या नावात बुरशी असली तरी तिचं कूळ वेगळं. समुद्रातली तपकिरी शेवाळं आणि डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं हे तिचे सोयरे. 1845 साली आयर्लंडच्या बटाट्यावर रोग होऊन पडलेला फायटोफ्थोरा तर तिचा चुलतभाऊच. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन असतं, जलबुरशीच्या भित्तीत मुख्यतः ग्लुकन आणि सेल्युलोज.

शेतात उपयोगी पडतो तो फरक पाण्याचा. डावणीच्या बीजाणूंना दोन शेपट्या असतात आणि ते पानावरच्या ओलाव्यात अक्षरशः पोहतात. पोहत पोहत पर्णरंध्रापाशी येतात, तिथे चिकटतात आणि आत शिरतात. द्राक्षाच्या पानाची रंध्रं असतात खालच्या बाजूला. म्हणून डावणीचा पांढरा कापूसही त्याच रंध्रांतून, पानाखालीच फुटतो; वर दिसतो तो फक्त पिवळट तेलकट डाग. भुरीला रंध्र लागत नाही. ती पानाच्या सालीवरच पसरते आणि सालीतल्या पेशींत शोषकं घुसवून पोट भरते. तिला साचलेलं पाणी नको असतं, ढगाळ दमट हवा आणि पानांचा दाट पसारा पुरतो. सोलापूरसारख्या कोरड्या जिल्ह्यातही भुरी दरवर्षी हजर असते ती यामुळे. डावणीचा जोर मात्र परतीच्या पावसावर आणि दाट दवावर ठरतो.

सकाळी दव असताना एक पान तोडा. वरच्या पांढऱ्यावर बोट फिरवा. राखेसारखी पूड बोटाला लागली आणि खाली पान अजून हिरवं असलं, तर भुरी. वरती तेलाचा थेंब सांडल्यासारखा डाग असेल तर पान उलटा. बरोबर त्या डागाच्या मागे कापूस असला, तर डावणी. जुन्या पानावर हे डाग शिरांच्या चौकटीत अडकून बारीक चौकोनी दिसतात. एक तिसरा तोतया आहे, कोळी ही बारीक कीड: पानाखाली पांढरट लव येते, पण वरून पान फोडासारखं फुगलेलं असतं. त्याला बुरशीनाशक मारणं म्हणजे पैसे पाण्यात.

आमचं औषध का फसलं, तेही कुळातच आहे. हेक्झाकोनॅझोल बुरशीचं एर्गोस्टेरॉल, म्हणजे तिच्या पेशीपटलाला लागणारा घटक, बनणं थांबवतं. डावणी ते स्वतः बनवतच नाही, मग थांबवणार काय? उलट मेटालॅक्झिल हे औषध जलबुरशीवर चालतं, भुरीला त्याचा काही फरक पडत नाही, आणि तेच ते वारंवार मारलं तर डावणीही त्याला सरावते. गंधक भुरीचं, मोरचूद-चुना डावणीचा. या मोरचूद-चुन्याच्या, म्हणजे बोर्डो मिश्रणाचा जन्मच डावणीपायी झाला: फ्रान्समध्ये बोर्दोजवळ वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना मारत, आणि डावणीत त्याच वेलींची पानं टिकली. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी ते हेरलं आणि 1885 मध्ये जगापुढे मांडलं.

डावणीला केवडाही म्हणतात, त्यामुळे बाजरीचा केवडा बागेत येईल अशी भीती काहींना वाटते. बाजरीवरची स्क्लेरोस्पोरा, काकडीवरची स्यूडोपेरोनोस्पोरा आणि द्राक्षावरची प्लाझमोपारा एकाच घराण्यातल्या, पण प्रत्येकीचं ताट वेगळं. बाजरीवरची वेलीला लागत नाही.

तरीही शंका राहिली, तर आम्ही आता असं करतो. डाग पडलेलं पान ओल्या कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालतो, तोंड बांधून रात्रभर अंधारात ठेवतो. सकाळी पिशवी उघडून पान उलटतो. डाग डावणीचा आणि ताजा असेल तर त्याच्या मागे एका रात्रीत शुभ्र कापूस उगवलेला असतो. मगच पंपात औषध.